पेशींची सरकारी पेढी

जयपूरहून आग्ऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत बस्सी हे तहसिलीचे गाव लागते. गुरांच्या गोठित रेताचे एक सरकारी केंद्र तेथे आहे. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नत्रात बुडवून ठेवलेल्या बारीक कांड्या तेथून दूरदूरच्या गोठ्यांपर्यंत पोचतात. उत्तम वळूचे गुण हवेत म्हणून कोणा शेतकऱ्याला आपली गाय बस्सीपर्यंत हाकीत न्यावी लागत नाही. गुराढोरांसाठी आपण जी सोय केव्हाच केली, ती कर्करोगाने ग्रासलेल्या माणसासाठीही शक्य कोटीत येत असता तिची सार्वजनिक चर्चा जवळजवळ नसावी, हे मला खेदजनक वाटते.

पवईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या 'नेक्सकार-19' या कर्करोगावरील उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्या रक्तातून रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी वेगळ्या काढावयाच्या, कर्कग्रस्त पेशींच्या पृष्ठावरील सीडी-19 हे प्रथिन ओळखणारा कृत्रिम ग्राहक त्यांत बसवावयाचा आणि त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा त्याच देहात सोडावयाच्या, अशी ही प्रक्रिया. परदेशी किमतीच्या सुमारे दशांशात ती साधली, हे यश लहान नव्हे. परंतु तो दशांशही चाळीस लाख रुपयांच्या आसपास जातो, आणि प्रत्येक रुग्णासाठी सारा घाट नव्याने घालावा लागत असल्याने तो फार खाली उतरणे कठीण. शिवाय भिस्त कोणावर, तर केमोथेरपीच्या फेऱ्यांनी आधीच थकलेल्या पेशींवर! त्या वाढल्याच नाहीत, तर रुग्णाने थांबावे किती?

यावर तोडगा मूलपेशींचा, ज्यांना व्यवहारात स्टेम सेल म्हणतात. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतील पेशींना चार जनुकांच्या योगे पुन्हा मूलावस्थेत नेले आणि 2012 चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. एका निरोगी दात्याची पेशी अशी मागे न्यावी, तिच्यात हवे ते जनुकीय फेरफार एकदाच करावेत, कसून तपासून ती गोठवून ठेवावी, आणि मग त्या एका वंशातून टी-पेशी किंवा कर्कपेशींना थेट मारणाऱ्या एनके-पेशी हव्या तेवढ्या घडवाव्यात, ही कल्पना. अमेरिकेत अशा एनके-पेशींच्या रुग्णचाचण्या 2019 पासून झाल्या आहेत.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. टी-पेशी शरीरात पक्व होतात त्या थायमस ग्रंथीत, आणि तेथील परिस्थिती काचपात्रात उभी करणे दुर्घट. परक्या पेशी रुग्णाचे शरीर नाकारते. एनके-पेशी फार काळ टिकत नाहीत. आणि एखादी मूलपेशी रूपांतराविना राहून गेली, तर तीच अर्बुद निर्माण करू शकते. म्हणूनच आज 'स्टेम सेल'ची पाटी लावून कर्करोग हटविण्याची हमी देणाऱ्यापासून वाचकांनी चार हात दूर राहावे.

मग उपचार सिद्ध होईपर्यंत थांबावे, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही, कारण मूळ पेशीवंश ज्याच्या ताब्यात, भाव त्याचा. क्योतो विद्यापीठाने ऊतक-जुळणीस सोयीच्या निवडक दात्यांच्या मूलपेशींचा साठा उभारला. आपल्या लोकांच्या ऊतकप्रकारांना अनुरूप असा साठा आपणही उभारावयास हवा. यासाठी लागणारी परंपरा आपल्याकडे नाही, असेही नव्हे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली, आणि त्याच संस्थेचा वारसा आज खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या कर्करोग संशोधन संस्थेकडे आहे.

तेव्हा केंद्र सरकारने खारघरला, अथवा तशाच एखाद्या सार्वजनिक संस्थेत, अशा पेढीची तजवीज करावी. दात्याच्या संमतीचे कागद चोख ठेवावेत. आणि कोणत्याही कंपनीस पेशीवंश वापरण्याची सनद देताना सरकारी रुग्णालयांसाठीचा दर तिच्यातच नमूद करावा, तसेच ठरलेल्या मुदतीत उत्पादन न झाल्यास ती आपोआप रद्द होईल, असे कलमही घालावे.