दुखणे अंगावर काढू नका!

आषाढी एकादशीस जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत गुडघ्यावर हात टेकीत चालणाऱ्या आयाबाया ज्याने पाहिल्या, त्यास सांधेदुखीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कोणी विचारपूस केलीच, तर उत्तर ठरलेले : "वात धरला, आता हे चितेबरोबरच जायचे!" या उत्तराविरुद्धच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

'वात' हा एकच शब्द आपण भिन्न व्याधींना लावतो आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. पहिली व्याधी मुख्यतः झिजेची. गुडघा चालताना दुखतो, विसाव्याने निवतो. मांडीच्या स्नायूंचा नित्य व्यायाम आणि वाढलेले वजन उतरविणे, हे तिच्यावरील मुख्य उपाय होत. दुसरी व्याधी आमवाताची. तीत शरीराची संरक्षक शक्तीच उलटून सांध्यांवर चालून जाते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात; सकाळी तास तास मूठ वळत नाही. ही व्याधी वार्धक्याची वाट पाहत नाही आणि पुरुषांहून स्त्रियांना अधिक गाठते.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शेकडा सुमारे १८ जणांस सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले; आमवात मात्र शेकडा अर्धाच. हा अर्धा कोणास क्षुल्लक वाटेल. पण दोनशे प्रौढांमागे एक, म्हणजे आळीआळीत एखादे घर आलेच!

त्या घरासाठी काळ मोलाचा आहे. पहिल्या काही महिन्यांतच योग्य उपचार मिळाले, तर रोग बहुधा आवरता येतो. सांधा एकदा कुरतडला गेला की तो पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्झेट हे यावरील प्रमुख औषध महागडे नाही. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. गरोदरपणी ते वर्ज्य आहे आणि अधूनमधून रक्ततपासणी आवश्यक. म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घेतले पाहिजे. उलट, दोन दिवसांत चमत्कार दाखविणाऱ्या निनावी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. वेदना दबते, रोग आत वाढत राहतो आणि हाडे ठिसूळ होतात.

बैल लंगडला तर त्याच दिवशी वैद्य शोधणारा गृहस्थ घरच्या लक्ष्मीची सुजलेली बोटे वर्षानुवर्षे पाहत राहतो, याला काय म्हणावे? याच बोटांनी कपाशीच्या फुलांचा संकर साधला, म्हणून जालन्याच्या बियाण्याचे नाव देशभर झाले!

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक सरकारी रुग्णालयात आठवड्याचा एक वार सांध्यांच्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. सूज किती आठवड्यांची, दोन्ही हातांना आहे काय, सकाळी सांधे किती वेळ आखडतात, हे तीन प्रश्न आशा सेविकेने घरोघर विचारावेत आणि सहा आठवड्यांहून जुनी सूज दिसताच रुग्णास तज्ज्ञाकडे धाडावे. पण शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी प्रत्येक कर्त्या पुरुषाने आजच आपल्या आईला, पत्नीला मूठ वळून दाखवावयास सांगावे. ती वळत नसेल, तर उद्याची सकाळ दवाखान्यात उगवली पाहिजे.