पैलतीर नसलेले पाणी

मराठी भाषेतल्या पोहण्याला नेहमी पैलतीर असतो. आपण संकटातून तरून जातो, भवसागर पार करू पाहतो, प्रपंचात गटांगळ्या खातो, आणि प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याचे आपल्याला कौतुक वाटते. या साऱ्या शब्दप्रयोगांतून नदी वा समुद्र वाहतो आहे. स्पर्धात्मक जलतरणाच्या तलावात मात्र ना प्रवाह, ना पैलतीर. 50 मीटरांवर भिंत असते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोलांटी घेऊन तिला पायांनी रेटायचे आणि आलो त्याच वाटेने परतायचे. या खेळाडूंविषयी लिहिताना आपण नदीची भाषा तलावावर लादतो. त्यामुळे त्यांचे कष्टही नीट दिसत नाहीत आणि त्या कष्टांचे फळही, असे आम्हांला वाटते.

हे कष्ट नाट्यमय नसतात. पहाटेचे गार पाणी, क्लोरीनने चुरचुरणारे डोळे, तळावरची काळी रेघ आणि तीच फेरी पुन्हा पुन्हा. बोलायला कोणी नाही. श्वाससुद्धा हातांच्या लयीने मोजून घ्यायचा. वर्षानुवर्षांच्या या पुनरावृत्तीतून कमवायचे काय, तर सेकंदाचे काही शतांश. अशा जगण्याला कथानक कसे मिळावे?

मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्याला ते मिळाले. 1965च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या सैनिकाने 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. 2024 साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला. त्यांचा पराक्रम निर्विवाद आहे. पण तो आपल्या ओळखीच्या साच्यातही बसतो. संकट आहे, आणि पैलतीरही आहे.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांची गोष्ट त्या साच्यात इतक्या सहज बसत नाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा त्यांना सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. 2010 साली ग्वांगझू येथे 50 मीटर बटरफ्लाय प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. 1986 साली खजान सिंग यांनी मिळवलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धांत भारताला लाभलेले जलतरणातले ते पहिलेच पदक. पुढे ते तहसीलदार झाले आणि तरीही पुन्हा पाण्यात उतरले. 2018च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यांनी 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. अंतिम शर्यतीत मात्र वेळ लागली 22.47 सेकंद. कांस्यपदक गेले 22.46 सेकंदांना.

एक शतांश सेकंद. त्या वेगाने अंतरात मोजले तर सुमारे सव्वादोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढे. या खेळाने मोजमापाची मर्यादा स्वतःच कबूल केलेली आहे. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मेडलेचे सुवर्ण सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी ठरले. त्यानंतर निकाल शतांशांपर्यंतच धरायचे ठरले. कारण तलावाच्या सगळ्या मार्गिका तितक्या काटेकोर सारख्या लांबीच्या बांधताच येत नाहीत. निकाल अर्थातच मान्य करायला हवा. त्याशिवाय स्पर्धेला अर्थ नाही. आमची हरकत आहे ती त्या पेराएवढ्या अंतरावर आपण यश आणि अपयश अशा दोन वेगळ्या कहाण्या रचतो, त्याला.

कारण जाकार्ताच्या त्या प्राथमिक फेरीत तोवर कोणताही भारतीय जितक्या वेगाने पोहला नव्हता तितक्या वेगाने एक माणूस पोहला होता. त्यासाठी पदक नसते. पण ज्या पुनरावृत्तीचा उल्लेख वर केला, तिचे खरे फळ आम्हांला तिथे दिसते: आपल्याच कालच्या वेळेला मागे टाकणे. हे फळ कोणाला हरवून मिळत नाही आणि चौथा क्रमांक आला म्हणून ते परतही जात नाही.

लेखक-वाचकांना हे नवे वाटू नये. एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहून ती केसभर सुधारणाऱ्याला आपण समजून घेतो. मग जलतरणपटूकडेच पैलतीराचा आग्रह का? चौथ्या क्रमांकाचे चरित्र लिहू शकेल असे गद्य मराठीने घडवायला हवे. त्यासाठी नदी थोडी बाजूला ठेवून तळावरच्या त्या काळ्या रेघेकडे पाहावे लागेल.