ॲपवर समुद्र रिकामा दिसतो, म्हणजे तो खरंच रिकामा असतो का?

वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या किनाऱ्यावर उभं राहून फोनमध्ये मरीनट्रॅफिक उघडा. मुंबईकडे येणारी मोठी जहाजं रंगीत बाणांसारखी सरकताना दिसतील. आता मान वर करून समोर बघा. डोळ्यांना दिसणाऱ्या मासेमारीच्या बऱ्याच होड्या त्या नकाशावर नसतात. मी अंधेरीत राहतो, हा प्रयोग अनेकदा केलाय आणि दरवेळी हेच दिसतं. असं का होतं?

एआयएस म्हणजे काय?

या ॲप्समागे एआयएस नावाची यंत्रणा आहे. जहाजावरचं यंत्र आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओवरून सतत सांगत असतं. चालत्या मोठ्या जहाजाचा संदेश दर २ ते १० सेकंदांनी जातो, तर छोट्या बोटींसाठीच्या स्वस्त यंत्राचा साधारण ३० सेकंदांनी. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. छोट्या होडीला ती आंतरराष्ट्रीय सक्ती लागू नाही. म्हणजे जो स्वतःहून बोलतो, तोच नकाशावर दिसतो. शिवाय फोनवरची माहिती इंटरनेटमार्गे येते, त्यामुळे ती उशिराची असू शकते.

एकटा माणूस झोपणार कधी?

१९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटे निघाले. चार ठिकाणी थांबत, पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० ला ते मुंबईत परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

इथे एक पेच आहे. समुद्रातली धडक टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे 'कोलरेग्ज', १९७७ पासून लागू आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक बोटीवरून कायम, डोळे-कान आणि उपलब्ध सगळी साधनं वापरून पहारा हवा. झोपलेला माणूस पहारा कसा देणार? त्यामुळे एकट्याने जाणारे खलाशी तुकड्यातुकड्यांनी झोपतात आणि एआयएस किंवा रडारचा अलार्म लावून ठेवतात.

हिशोब करून बघा. समोरून येणारं जहाज ६ सागरी मैलांवर दिसलं. त्याचा वेग २० नॉट, आपला ६. अंतर ताशी २६ मैलांनी कमी होतंय. म्हणजे हातात १४ मिनिटंही नाहीत! आणि समोरची होडी एआयएसवर नसेल, तर तो अलार्म वाजणारच नाही.

नियम कोणाच्या बाजूने?

सर्वसाधारणपणे इंजिनवर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या बोटीला वाट द्यायची, आणि शिडाच्या बोटीने जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीला. म्हणजे जगप्रदक्षिणेला निघालेल्या खलाशालाही वर्सोव्याच्या तांडेलाला वाट द्यावी लागते. पण अरुंद खाडीमार्गात गणित बदलतं: तिथे छोट्या बोटीने मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही.

मुंबईने काय पाहिलं?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं. दोन्ही जहाजं एआयएस सक्तीचं असलेल्या वर्गातली होती. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. तेव्हा दिवसाउजेड होता. नौदलाने सांगितलं की इंजिनाची चाचणी सुरू असताना बोटीवरचा ताबा सुटला. दोन्ही वेळा अडचण 'समोरचा नकाशावर दिसत नव्हता' एवढी सोपी नव्हती.

मग सरकारी ट्रान्सपॉन्डरचं काय?

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एक योजना सुरू झाली. देशभरातल्या १ लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. हवामानाचा इशारा, संकटाचा संदेश, सागरी सीमेची सूचना यासाठी ते उपयोगाचे आहेत, आणि ते बसायलाच हवेत. पण ते प्रामुख्याने बोट आणि किनारा यांना जोडतात. रात्री अंगावर येणाऱ्या जहाजाला 'मी इथे आहे' हे सांगणं वेगळं काम आहे. माझ्या मते छोट्या बोटींना एआयएससाठीही अनुदान मिळायला हवं.

तुम्ही मढ किंवा गोराईच्या फेरीत बसलात, तर फोनचा कंपास एकदा वापरून बघा. समोरची बोट जवळ येतेय, पण तिची दिशा बदलत नाहीये? मग धडकेचा धोका आहे. सातव्या नियमात हीच खूण दिली आहे आणि तिला नेटवर्क लागत नाही. लाइफ जॅकेट मात्र बोट सुटण्याआधीच घाला.