बेवारस पिशवीला दंड कोण भरणार?

गेल्या उन्हाळ्यात एक कचरावेचक भगिनी आमच्या म्हसवडच्या दवाखान्यात आली. माणगंगेच्या कोरड्या पात्रात प्लास्टिक वेचताना तिच्या तळहातास वापरलेली सुई टोचली होती. आम्ही तिला तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठविले. सुई कोणाच्या दवाखान्यातील, हे मात्र कळण्यास मार्ग नव्हता. पात्रातील असा कचरा पहिल्या पुरात राजेवाडी तलावाच्या वाटेला लागतो.

वैद्यबंधूंनो, हा प्रश्न केवळ ॲलोपॅथीचा नव्हे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आयुष रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख असून लहान दवाखानेही त्यांतून सुटलेले नाहीत. रक्तमोक्षणाचा कापूस पिवळ्या पिशवीत व सुया-पाती पांढऱ्या डब्यात जावयास हवीत. रक्ताने माखलेला कचरा 48 तासांहून अधिक काळ ठेवता येत नाही. मुदतबाह्य औषधे उत्पादकाकडे परत पाठविणे किंवा भस्मीकरणास देणे बंधनकारक आहे. एके काळी आम्हीही तो कापूस घंटागाडीतच टाकत होतो, ही कबुली येथे दिलीच पाहिजे.

पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी 5 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. एप्रिल 2024 पासून तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंत दंड आला. परंतु पिशवी बेवारस असेल तर दंड कोणास करणार? गुन्हेगारास धाक वाटतो तो शिक्षेच्या आकड्याचा नव्हे, सापडण्याच्या खात्रीचा. म्हणूनच नियमांनी पिशवीवर बारकोड सक्तीचा केला आहे. 2009 साली गुजरातेतील मोडासा येथे हिपॅटायटिस-बीच्या साथीने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा वापरलेल्या सिरिंजांचा धंदाच उघडकीस आला होता.

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची चर्चा करताना वायू, जल, देश व काल यांच्या दूषित होण्याचे मूळ अधर्मात व प्रज्ञापराधात दाखविले आहे. जाणूनबुजून नदीत सुया टाकणे हा प्रज्ञापराध नव्हे, तर काय?

यास्तव आमची सूचना अशी : सभासदत्वाचे नूतनीकरण करताना प्रत्येक दवाखान्याने प्राधिकारपत्र व वर्षभराच्या कचरा-उचल पावत्या सादर कराव्यात. खाटा नसलेल्या दवाखान्यास हे प्राधिकारपत्र एकदाच घ्यावे लागते. औषधविक्रेत्यांनी मुदतबाह्य मालाची नोंदवही दाखवावी. आणि उद्या एखाद्या सभासदावर कारवाई झाली, तर ती मिटविण्यासाठी संघटनेने कोणाकडेही शब्द टाकू नये. आपल्यापैकी कोणी पाठीशी घालणार नाही, हे कळले की निम्मा कचरा नदीपर्यंत पोहोचणारच नाही.