पादपांची तहान आणि पर्जन्य

मृग नक्षत्र लागलें कीं उमापुरास ओट्यावरील संभाषणाचा विषय एकच असतो : पाऊस. परवां अशाच बैठकींत आमच्या नातवानें एक शंका काढली. "आजोबा, कार्बन डायऑक्साइड हें जर झाडांचें अन्न, तर तो हवेंत वाढल्यानें अरण्यें माजतील आणि पाऊसहि वाढेल. मग एवढी ओरड कां ?" शंका वरवर पाहतां बिनतोड आहे, पुष्कळ सुशिक्षितांच्याहि मनांत ती असते. म्हणून तिचा थोडा विचार करूं.

संस्कृतांत वृक्षास पादप म्हणतात. पादप म्हणजे पायांनीं पिणारा. मुळांनीं प्यालेलें पाणी झाड पानांवाटे वाफेच्या रूपानें हवेंत सोडतें. पानांवर सूक्ष्म रंध्रें असतात. त्याच दारांतून कर्बाम्लवायु (हें त्या वायूचें जुनें नांव) आंत येतो आणि त्याच दारांतून वाफ बाहेर जाते. वायु मुबलक झाला, तर दार किलकिलें ठेवूनहि झाडाचें भागतें. साहजिकच वाफ कमी जाते. ही काटकसर झाडाच्या हिताची खरी. पण तीच वाफ पुढें ढग होणार होती, त्याची वाट काय?

मौना लोआ येथें १९५८ सालीं नियमित मापन सुरू झालें, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. आतां अमेझॉनचें अरण्य पाहा. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती यांनीं १९७० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, तेथील पावसाचा जवळजवळ निम्मा भाग अरण्यानेंच परत हवेंत सोडलेल्या पाण्याचा असतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संगणकीय गणितांत असें आढळलें कीं, रंध्रें मिटूं लागलीं तर अमेझॉनवरील पाऊस घटतो, इंडोनेशियासारख्या बेटांवर मात्र वाढतो. वाफ घटली कीं जमीन तापते व समुद्रावरील ओले वारे ओढून घेते. बेटांना चोहोंकडे समुद्र आहे, अमेझॉनच्या अंतर्भागास ही सोय नाहीं. हें गणिताचें भाकित आहे, प्रत्यक्ष पाहिलेलें नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडेहि रान एकाचें आणि पाऊस दुसऱ्याचा, असा प्रकार आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनीं २०१८ मध्यें दाखविलें कीं, तामिळनाडूंतील नैर्ऋत्य मोसमी पावसांत पश्चिम घाटाच्या अरण्यांनीं सोडलेल्या बाष्पाचा मोठा वाटा असतो. आपण बीडकर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतले. आपला पाऊस मुख्यतः समुद्राकडून येतो, म्हणून या हिशेबाशीं आपला संबंध नाहीं असें मात्र मानूं नये. याच वायूनें हवा तापते, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते व तें एकदम ओतते. मध्य भारतांत १९५० ते २०१५ या काळांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, असें पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ मध्यें दाखविलें. उलट शेजारच्या लातुरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. कपाशीला पाऊस हवा तो वेळेवर आणि बेतानें. वर्षाची बेरीज जुळून तिचें भागत नाहीं.

नातवास मीं एवढेंच सांगितलें : "बाळ, अन्न झाडाला मिळेल, पण त्यामुळें पाणी आपल्याला मिळेलच असें नाहीं." झाड आपला संसार काटकसरीनें करतें, त्यांत त्याचा दोष नाहीं. वायु सोडणारे आपण. तेव्हां जाळणें कमी करावें आणि उभें झाड राखावें, हें कर्तव्यहि आपलेंच.