चालतंय ना? मग हात लावू नका!

'अपडेट' दिसलं की आपल्या इंजिनिअर बोटांना खाज सुटते. मीही रास्पबेरी पायवरचं रेट्रोपाय एका झटक्यात अपडेट केलं. झालं! आर्केडचे निम्मे गेम उघडेनात. जुन्या बोर्डांवरच्या चिप्सची जास्त अचूक कॉपी मिळाली की रॉम-सेट बदलतो, त्यामुळे एम्युलेटरची आवृत्ती आणि सेट जुळावेच लागतात. ते निस्तरलं. पण आई सुपर मारिओत आठव्या वर्ल्डला पोचली होती! १९८५ च्या त्या गेममध्ये सेव्हची सोयच नाही. होती ती सेव्ह-स्टेट, म्हणजे मेमरीचा फोटो. नव्या आवृत्तीला तो वाचताच येईना. माझं स्पष्ट मत : आधी एसडी कार्डाची पूर्ण इमेज काढा आणि घरात खेळतंय कोण, त्यांना विचारा. आईने पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केलीय. मला मात्र कीबोर्डला हात लावायची बंदी आहे.