शस्त्रकर्मानंतरचा गुडघा : अभ्यंगापूर्वी अस्थिपरीक्षा

गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या पुनर्रचनेचे, म्हणजे ‘एसीएल’चे, शस्त्रकर्म झालेले रुग्ण वैद्यांकडेही येतात. जखम भरलेली असते, चालणे सुरू झालेले असते. परंतु गुडघा दुखतो, आखडतो. रुग्ण अभ्यंग व जानुबस्तीची मागणी करतो. अशा वेळी केवळ ‘वातप्रकोप’ असे निदान करून स्नेहन-स्वेदनास प्रारंभ करणे आमच्या मते घाईचे आहे.

या शस्त्रकर्माच्या एका पद्धतीत वाटीखालील कंडरेचा सुमारे १० मिलिमीटर रुंदीचा मधला पट्टा काढतात. त्याच्या एका टोकास वाटीचा व दुसऱ्या टोकास नडगीचा अस्थिखंड असतो. वाटीत राहिलेली खाच भरून येईपर्यंत ती दुबळी असते. पाय घसरून मांडीचे स्नायू एकाएकी आकुंचन पावले तरी वाटी आडवी भंगू शकते. मांडीमागील कंडरा वापरल्यास वाटीला धक्का लागत नाही. तथापि कलमासाठी मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडावे लागतातच, आणि क्वचित तेथूनही भंग होतो. वाटीच्या भंगाचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास वा त्याहून कमी नोंदले गेले आहे. मात्र तो प्रायः पहिल्या काही महिन्यांत होतो, आणि रुग्ण तेल मागावयास येतो तोही याच काळात.

जानु हे वैकल्यकर मर्म आहे. भग्नचिकित्सेत सुश्रुताने आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हा क्रम दिला आहे. म्हणजे अस्थी प्रथम जागेवर यावी, स्थिर व्हावी. दुरावलेले वाटीचे तुकडे लाक्षादि गुग्गुळाने एकत्र येत नाहीत. त्यांस बहुधा पुन्हा शस्त्रकर्मच लागते. औषधाचे स्थान त्यानंतरचे.

म्हणून प्रत्येक वैद्याने विचारावे : शस्त्रकर्म कधी झाले? कंडरा कोठून घेतली? त्यानंतर पडणे, घसरणे वा ‘कट’ असा आवाज झाला काय? पूर्वी सरळ उचलता येणारा पाय आता उचलत नसेल, अकस्मात सूज आली असेल वा वाटीवर स्पर्श सहन होत नसेल, तर तेलाचा हात लावू नये. गुडघा सरळ ठेवून फळीने बांधावा, चालू देऊ नये आणि क्ष-किरण तपासणीसाठी शस्त्रकर्म करणाऱ्या तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही महानारायण तेलाची बाटली देताना ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे. रुग्ण परत पाठविल्याने व्यवसाय बुडतो, ही भीती अनाठायी आहे. भंगलेल्या वाटीवर मर्दन झाले, तर दोष त्या एका वैद्यावर थांबत नाही. तो शास्त्रावर येतो.